डोळे उघडे की मिटलेले?

१

नत्थुजींच्या घरातला कापूस जळून पाच दिवस झाले होते, आणि आग कोणी लावली हे गावानं पहिल्याच संध्याकाळी ठरवून टाकलं होतं. सुनेनं. जमुनेनं. एकदा गावानं ठरवलं की मग पुरावा लागतो कशाला!

वर्ष असं की कापसाचं सोनं झालेलं. सातासमुद्रापार अमेरिकेत लोक आपसात लढत होते आणि त्यापायी इकडे वऱ्हाडात बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढत होत्या. मोर्शीच्या वाटेनं अमरावतीच्या पेठेकडे निघालेल्या गाड्यांची रांग दिवसभर तुटत नसे. अशा वर्षी खोलीभर रुई जळाली म्हटल्यावर लोकांच्या जिवाचं पाणी पाणी झालं, आणि ज्यांचा एक पुंजकाही गेला नव्हता ते सगळ्यात जास्त हळहळले.

ही हकीकत घेऊन नत्थुजींचा थोरला पोरगा सहदेव चांदूर बाजाराला दुर्गाबाईच्या दारात आला, तेव्हा बाई अंगणात चिंध्या वाळत घालत होती. धुण्याच्या नव्हे, लाकडाला तेल चोळायच्या. एकेक चिंधी कुंपणावर मोकळी पसरायची, दोन एकावर एक पडू द्यायच्या नाहीत, ही तिच्या सुतार नवऱ्यानं घालून दिलेली शिस्त. नवरा गेला, कारखाना पोरानं धरला, शिस्त राहिली.

"मावशी, जमुनेले पाहाले चाला."

"काऊन रे? दिवस गेले काय?" दुर्गाबाई पंचक्रोशीतली सुईण होती, तिला दुसरं काय सुचणार!

"नाई वो. पडते ते. दिवसातून चार चार खेपा पडते."

"मंग वैद्याले ने."

"वैद्य पाहून गेला. पाटील म्हणते, बाईच्या अंगाचं बाईच सांगन. उद्या पंच बसते. त्याइले एकच पाहिजे: सोंग हाय का खरं हाय."

"अन् मी काय सांगू म्हणतं?"

सहदेव मान खाली घालून उभा राहिला. "सोंग म्हणसान तं आग तिनं मुद्दाम लावली असं ठरते, अन् पाटील तिले अमरावतीच्या कचेरीत देते. खरं म्हणसान तं मिरगीची सून घरात नको, म्हणून मायबाप नेऊन सोडते तिले माहेरी, बार्शीटाकळीले, कायमची. कसंबी बोला मावशी, माही बायको जाते."

दुर्गाबाईनं उरलेली चिंधी कुंपणावर टाकली आणि हात पुसले. भला प्रश्न होता! हो म्हटलं तरी विहीर, नाही म्हटलं तरी आड. पण तिला प्रश्नाची भीती कधीच वाटत नसे. उलट असा अडलेला प्रश्न दिसला की अडलेल्या बाळंतिणीसारखी तिला तिथून हलवत नसे. ती गाडीत जाऊन बसली.

२

नत्थुजींचं घर काळ्या मातीच्या भरवशावर तीन पिढ्या पोसलेलं. अंगणात सहा रेचे मांडलेले. या हाताच्या चरकांवर सरकी काढून रुई मोकळी करायची आणि मागच्या खोलीत ढीग लावायचा, हे काम घरच्याच बाया करायच्या. आता रेचे गप्प होते.

सासू रुख्मिणीनं पाय धुवायला पाणी दिलं. देता देता तिची नजर दुर्गाबाईच्या पदराला चिकटलेल्या कापसावर गेली. तिनं तो चिमटीनं उचलला आणि आपल्या ओटीत टाकला.

"आता एवढ्यानं काय होते वो बाई?" दुर्गाबाई हसली.

"थेंबं थेंबं तळं होते. बोंडातलं एक सूत मी वाया जाऊ देत नाई, इचारा गावात." रुख्मिणी मोठ्या अभिमानानं म्हणाली.

आत कांबळ्यावर जमुना बसली होती. वय असेल अठरा-एकोणीस. दुर्गाबाईनं हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं. जिभेच्या उजव्या कडेला दातांची खोल खूण होती, बरी होत आलेली.

"हे कधी लागलं?"

"आगीच्या दिवशी. मले काईच आठवत नाई. शेजारून इस्तो आणाले गेली होती, चूल इझली होती म्हणून. खापरीत इस्तो घेतला, एवढं आठवते. मंग डोळे उघडले तं सांज झाली होती, अन् सारे रडून राह्यले होते." ती कांबळ्याचा धागा ओढू लागली. "आत्याबाई जवळ बसल्या. म्हणाल्या, जाऊ दे पोरी, तुह्या हातून झालं, पण तुनं मुद्दाम नाई केलं…"

एवढं बोलली आणि मागे कलंडली.

पाठ कमानीसारखी उचलली गेली, मान इकडून तिकडे फिरू लागली, हातपाय आपटू लागले. मध्येच थांबले, पुन्हा सुरू झाले. घरचे धावले. कोणी कांदा फोडला, कोणी वहाण आणून नाकाला लावली. तेवढ्यात सहदेवाचा धाकटा भाऊ देवीदास पुढे झाला.

"मावशी, आता गंमत पाहा." त्यानं जमुनेचा हात धरून बरोबर तिच्या तोंडावर उंच नेला आणि सोडून दिला. हात तोंडावर पडला नाही. बाजूला पडला. "पाह्यलं? बेहोश माणसाचा हात थोबाडावर आपटते. इचा हर खेपेले बाजूले पडते. सोंग!"

आणि दुर्गाबाईला कबूल करावं लागलं की पोरगं म्हणतं त्यात तथ्य आहे. डोळे घट्ट मिटलेले होते. पापणी उचलायला गेली तर जमुनेनं ती आणखी आवळली. गालांवरून पाणी ओघळत होतं. बऱ्याच वेळानं झटका ओसरला, आणि ती लगेच उठून बसली, पाणी मागितलं, शुद्धीवरच्या माणसासारखी.

दुर्गाबाईचा धाकटा भाऊ मिरगीनंच गेला होता, विहिरीच्या काठावर झटका येऊन. त्याचे शंभर झटके तिनं मांडीवर घेतले होते. त्यातला एकही असा नव्हता.

मग जिभेवरची ती खूण कोणाची?

३

"बेहोश पडली की तिचे डोळे उघडे राहाते का मिटलेले?" एवढा एकच प्रश्न दुर्गाबाईनं घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारला.

"मिटलेले," देवीदास म्हणाला. "गच्च. अर्धा अर्धा तास चालते तमाशा. कापूस जळाला तवापासून रोज पाहून राह्यलो. मी तं तिले त्याच्या आंधी कधी पडताना पाह्यलंच नाई. मी सदा गाडीवर." जाता जाता त्यानं आणखी एक सांगितलं: "आगीच्या सकाळी मी त्या खोलीत गेलो होतो तं डोळे चुरचुरले माहे. मायनं मिरच्या भाजल्या असन."

"उघडे," सहदेव म्हणाला. त्याला हे सांगताना त्रास होत होता. "लग्न झाल्यावर दोन महिन्यानं पहिल्यांदा पाह्यलं. एकदम किंकाळी मारून पडली. बुबुळं वर, ओठ निळे. चिलीम भरते इतकाच वेळ, पण लुगडं ओलं झालं, अन् मंग दिवस मावळेपर्यंत मुडद्यासारखी झोपली. वर्षातून चार-पाच खेपा होते. तिच्या मायबापानं आमाले सांगितलं नव्हतं. मीनंबी कोणाले सांगितलं नाई. झाकली मूठ ठेवली."

म्हणजे एक म्हणतो काळं, दुसरा म्हणतो पांढरं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर खोटं बोलल्याची खूण नाही. अशा वेळी दुसरी कोणी असती तर एकाला लबाड ठरवून मोकळी झाली असती. दुर्गाबाईला मात्र राहून राहून वाटत होतं की दोघेही बरोबर पाहताहेत.

ती रुख्मिणीकडे गेली. रुख्मिणी एका रेच्याला तेल लावत बसली होती. काम बंद असलं म्हणून लाकूड सुकू द्यायचं का!

"आगीच्या दिवशी?" रुख्मिणी आठवून म्हणाली. "मीनंच उचललं तिले. अशी किंकाळी मारली का छातीत धस्स झालं. डोळे सताड उघडे. जीभ चावलेली, लुगडं खराब झालेलं. मीनं ओढून ओसरीवर आणली, तोंड पुसलं, लुगडं बदललं. मंग वर पाह्यलं मीनं तं खोलीच्या मागच्या झरोक्यातून धूर येऊन राह्यला!"

"अन् हे डोळे मिटून पडनं कवापासून?"

"त्याच सांजेपासून." रुख्मिणीनं रेच्याची लाट, म्हणजे सरकी दाबणारा लाकडी रूळ, पुसायला सुरुवात केली. "यंदा एरंडीचं तेल पाहाले मिळत नाई बाई, सारं गाड्याच्या आखाइले वंगण म्हणून जाते. मंग जवसाचं लावतो. पण पुसून घ्या लागते, नाई तं रुईले डाग पडते."

"कशानं पुसता?"

"या पुंजक्याइनं. आंधी आमी याच्या वाती वळत होतो. यंदा वाती कोण वळते वो? हाबी कापूसच हाय, यालेबी वजन हाय!" आणि ती हसली.

दुर्गाबाई हसली नाही. ती तशीच उठून जळक्या खोलीकडे गेली.

४

खोलीत नत्थुजी एकटेच उभे होते. म्हाताऱ्याला रोज एकदा तिथं येऊन उभं राहिल्याशिवाय चैन पडत नव्हती.

"नत्थुजी, जमुना नेमकी कुठं पडली होती?"

त्यांनी उंबऱ्याच्या बाहेर बोट दाखवलं. शेणानं सारवलेल्या अंगणात वीतभर काळा डाग होता. विस्तव तिथंच सांडून तिथंच विझलेला. खापरी बाजूला कोणीतरी भिंतीशी ठेवली होती.

"अन् कापूस कोणता वाचला?"

"दाराजवळचा. तेवढा मीनं अन् सहदेवानं ओढून काढला. मागच्या भिंतीकडचा सारा गेला."

दुर्गाबाई मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली. तिनं मनाशी दार ते मागची भिंत अंतर मोजलं. विस्तव दाराबाहेर, आग मागच्या भिंतीशी. दाराजवळचा कापूस शाबूत. विस्तवाला पंख फुटले होते की काय! पाच दिवस अख्खं गाव या खोलीत येऊन चुकचुकत होतं आणि एकालाही हे दिसलं नव्हतं, कारण त्यांना आधीच सगळं ठाऊक होतं.

"त्या दिवशी परकं कोणी आलं होतं?"

नत्थुजींचा चेहरा लाल झाला. "खुशालराव दलाल. माह्या तोंडावर म्हणे, वजन वाढवाले कापसाले पाणी मारलं तुमी! चालता हो म्हटलं. त्यानंच रागानं चिलीम झटकली असन तं कोणाले माहीत?"

खुशालराव गावाबाहेर गाडीतळावर सापडला. माणूस बोलका, पण आगीचं नाव काढताच सावध झाला.

"चिलमीचा विषय काढाचाच असन तं मी पीत नाई, गाडीवाल्याइले इचारा. मी गेलो, ढिगात हात घातला. आमचं कामच ते हाय बाई. वरचा कापूस सारेच चांगला ठेवते, खांद्यापर्यंत हात घातल्याबिगर आतलं कळत नाई. मागच्या बाजूनं घातला, तं आत ऊब! ताज्या भाकरीच्या टोपल्यात हात घातल्यासारखी. ओला कापूस दाबून ठेवला का असाच तापते. म्हणून म्हटलं पाणी मारलं. खोटं काय बोललो?"

"हात ओला झाला होता काय?"

खुशालराव थबकला. त्यानं स्वतःचा हात पाहिला, जणू ओल अजून तिथं असेल. "नाई," तो सावकाश म्हणाला. "ओला नाई. तेलकट झाला होता."

"हे तुमी उद्या पंचाइपुढं सांगजा."

परतताना दुर्गाबाईनं मुद्दाम लांबची वाट धरली. आग कोणी लावली हे तिला आता कळलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच! पण ते नाव उच्चारायचं कसं, हे मात्र तिला कळत नव्हतं. चोर असता तर बोट दाखवायला मजा आली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं रुख्मिणीकडून टोपलंभर पुंजके आणि जवसाचं तेल मागून घेतलं. पुंजके तेलात घोळले, टोपल्यात गच्च दाबले, वर कोरडी रुई लोटली आणि टोपलं उन्हातल्या भिंतीशी ठेवून दिलं.

"हे काय औषध हाय काय?" रुख्मिणीनं विचारलं.

"हाव," दुर्गाबाई म्हणाली. तिच्यानं सासूच्या डोळ्यांकडे बघवलं नाही.

५

दुपारी चावडीपुढे पंच बसले. एका अंगाला नत्थुजी आणि दोन पोरं, दुसऱ्या अंगाला रुख्मिणीच्या आड पदर ओढून जमुना. पाटील केशवरावांनी घसा खाकरला.

"बोला दुर्गाबाई. सोंग का खरं?"

"पाटील, तुमचा सवालच लंगडा हाय. या पोरीले एक नाई, दोन दुखणे हायेत. एक मिरगी, लहानपणापासूनची. त्यात ते किंकाळी मारून पडते, डोळे उघडे, जीभ चावते, तिले जगाची शुद्ध नसते. आगीच्या दिवशी तेच झालं. सासूनं डोळ्यानं पाह्यलं. दुसरं दुखणं त्या सांजेपासून सुरू झालं. त्यात डोळे मिटलेले, पाणी येते, हात तोंडावर पडत नाई. देवीदासानं बरोबर पाह्यलं."

"मंग म्हणा नं, एक खरं अन् एक सोंग!" देवीदास उसळला.

"तुहा आजा गेला तवा तू रडला होता का रे?"

"हे काय इचारनं हाय? रडलोच."

"दुःख तुह्या मनात होतं. पाणी डोळ्यातून काऊन आलं? कोणी मार दिला होता डोळ्यावर? तुनं ते मुद्दाम काढलं का?"

देवीदास खाली बसला.

"तसंच हे. तिच्या छातीवर एक गोष्ट बसली हाय: माह्या हातून घर जळालं. ते तिच्यानं बोलवत नाई, गिळवत नाई. मंग अंग बोलते. ते करत नाई वो, तिले होते. अन् वहाण हुंगवून यातलं काईच जात नाई. मिरगी वहाणेले भेत असती तं माह्या भावाच्या गळ्यात मीनं वहाणांची माळ घातली असती."

कोणी हसलं, कोणी हसू दाबलं. केशवराव मात्र हसले नाहीत. "पण घर तं जळालं नं! मिरगीत का होईना, इस्तो तिच्याच हातचा."

"इस्तो अंगणात पडला अन् अंगणात इझला. डाग हाय, जाऊन पाहा. दाराजवळचा कापूस वाचला. आग मागून लागली, अन् ते आंधीच आतमधी तापून राह्यली होती. खुशालराव, सांगा."

खुशालरावानं सांगितलं: ऊब, आणि तेलकट हात. मग दुर्गाबाईनं टोपलं पंचांपुढे ठेवलं. "कोणीच इस्तो लावला नाई याले. पाटील, हात घाला."

केशवरावांनी हात घातला आणि "अरे बाप्पा!" म्हणून मागे ओढला. ढवळलेल्या पुंजक्यातून उग्र वासाचा बारीक धूर निघाला. जवळ बसलेल्यांचे डोळे चुरचुरले. देवीदास उठून उभा राहिला. त्याला ती सकाळ आठवली असावी.

"जवसाच्या तेलाचा कापूस दाबून ठेवला का आपोआप पेटते," दुर्गाबाई म्हणाली. "माह्या मालकाचं छप्पर अशानंच गेलं होतं, म्हणून मले ठाऊक. एरंडीच्या तेलानं असं होत नाई. आंधी तुमी त्या पुंजक्याच्या वाती वळत होता, म्हणून कधी काई झालं नाई. यंदा भाव आला, अन् वाती राह्यल्या. पुंजके गेले ढिगात."

"कोणी घातले ढिगात?" केशवरावांनी विचारलं.

दुर्गाबाई टोपल्यावर माती लोटू लागली. हे नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं, मग पंच काहीही म्हणोत. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आणि त्या शांततेत, इतक्या डोळ्यांच्या मध्ये, जमुना पडली.

पाठ उचलली गेली, मान फिरू लागली, टाचा मातीवर आपटू लागल्या. गर्दी पुढे सरकली. कोणीतरी सवयीनं वहाण काढलीच!

"ठेव ते खाली!" दुर्गाबाई ओरडली. ती वाकली, जमुनेचं तोंड पाहिलं. "डोळे मिटलेले हायेत. म्हणजे तिले सारं ऐकू येऊन राह्यलं. बोला तिच्याशी कोणी. जे खरं हाय ते बोला."

रुख्मिणी बसल्या जागी थिजली होती. तिच्या चेहऱ्याचा रंग केव्हाच उडाला होता. टोपल्यातला धूर निघाला तेव्हाच. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं. अख्खं गाव समोर होतं, पंच होते, दोन कर्ते पोरगे होते. मग ती गुडघ्यांवर सरकत सुनेजवळ गेली आणि तिचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

"पोरी, ऐक. ते पुंजके मीनं घातले. रोज घालत होती, मागच्या भिंतीशी, कोणाले दिसू नये म्हणून. एक सूत वाया जाऊ नये म्हणून. मले ठाऊक नव्हतं वो माय, देवाशपथ ठाऊक नव्हतं. पण घर माह्या हातानं जळालं. तुह्या नाई."

टाचा आपटायच्या थांबल्या नाहीत. रुख्मिणी तेच पुन्हा म्हणाली, आणखी एकदा म्हणाली. हळूहळू पाठ खाली आली. मान स्थिर झाली. बराच वेळ नुसता श्वास चालू होता, आणि मग जमुनेनं डोळे उघडले.

"आत्याबाई, मी नाई?"

"नाई. मी."

जमुनेनं सासूच्या लुगड्यात तोंड खुपसलं आणि ती हंबरडा फोडून रडली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोकळी होऊन रडत होती.

केशवरावांनी पागोटं सारखं केलं. "कचेरीचं तं मिटलं. पण दुर्गाबाई, हे दुखणं आता गेलं म्हणाचं काय?"

"हे दुसरं कमी होईन, लगेच नाई पण होईन. मिरगी राहीन. ते येईन तवा तिले कुशीवर करा, तोंडात काई कोंबू नोका, अन् इस्तो-विहीर तिच्या एकटीच्या हाती देऊ नोका. एवढंच मले येते."

"मंग नत्थुजी, तुमचं काय म्हणनं हाय? मिरगीची सून ठेवता, का सोडून देता बार्शीटाकळीले?"

नत्थुजींनी तोंड उघडलं, पण उत्तर रुख्मिणीनं दिलं. तिनं मान वर केली नाही, सुनेच्या केसांवरचा हातही काढला नाही.

"जिनं खोलीभर कापूस जाळला ते घरात राहून राह्यली. अन् जे बिचारी नुसती पडते, तिले धाडू काय? धाडाचंच असन तं आंधी मले धाडा."

 नत्थुजींनी होकाराची मान हलवली. लोक उठू लागले. सहदेव बैल सोडून आणायला निघाला. घर हाकेच्या अंतरावर होतं, पण बायकोला त्या सगळ्यांच्या नजरेसमोरून गाडीत बसवूनच न्यायचं, असं त्यानं ठरवलं होतं.